चिंचेनं घासलेली काडतुसं

आई जर्मनीला आली ती मुलगा बघायला नव्हे. मुलगा तिनं फोटोत बघितला होता, फोनवर त्याचा घोटून घोटून पाठ केलेला नमस्कारही ऐकला होता. मुलाबद्दल तिचं काही म्हणणं नव्हतं. "मुलं काय गं, सगळी बरीच असतात. घर बघायला हवं," असं तिचं ठाम मत. बाबांनी जूनमधल्या थंडीचं निमित्त काढून पुण्यातच मुक्काम ठेवला आणि "आई हो म्हणाली की माझंही हो समज" असं सांगून अंग काढून घेतलं. सगळी मदार आईवर आली. व्हिसा तीन महिन्यांचा होता आणि परतीच्या विमानात बसायच्या आधी हो किंवा नाही, काय ते ती सांगणार होती.

मी तेव्हा न्युरेम्बर्गला एका कारखान्यात होते. पत्रा दाबून त्याचे डबे, वाट्या, टोपणं करायची तर साचे लागतात, ते साचे तयार करायचं माझं काम. "एवढी इंजिनिअर होऊन शेवटी डबेच ना?" असं आई पहिल्याच दिवशी म्हणाली आणि मी गप्प बसले, कारण लग्न करायचं होतं. ज्याच्याशी करायचं होतं तो माझा मित्र एर्लांगेनला हॉस्पिटलची मशिनं बनवणाऱ्या कंपनीत होता आणि तिथून पुढं एका खेड्यात आपल्या वडिलांबरोबर राहायचा. त्याची आई बऱ्याच वर्षांपूर्वी गेली होती. घरात हे दोघंच.

मित्राला आई त्याच्या नावानं हाक मारायची, थोडं मोडूनतोडून का होईना. वडिलांचं मात्र नाव ती घेईना. त्यांचा विषय निघाला की "ते गृहस्थ". ते गृहस्थ कॉफी फार पितात, ते गृहस्थ घरातसुद्धा बूट घालतात. आमच्याकडे हा जुना रिवाज आहे. नातं ठरेपर्यंत समोरचा माणूस गृहस्थच असतो, मग तो कितीही चांगला असो. मीही पुढं त्यांना गृहस्थच म्हणते, म्हणजे माझे वडील आणि त्याचे वडील असा घोळ होणार नाही.

पहिल्या रविवारी आम्ही त्यांच्याकडे जेवायला गेलो. आईनं घर बघितलं ते परीक्षेचा पेपर तपासावा तसं. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेली बाई, तिच्या नजरेतून काही सुटत नाही. परतीच्या ट्रेनमध्ये निकाल लागला. घर स्वच्छ आहे, खिडक्या पुसलेल्या आहेत, बाग नीट आहे. पण.

"पण काय?"

"एक पितळेचं भांडं नाही गं घरात. समई नाही ते मी समजू शकते. पण साधा तांब्या?"

"आई, ते ग्लासनं पाणी पितात."

"ग्लासनं सगळेच पितात. तांब्या घरात असतो."

मी खिडकीबाहेर बघत बसले. पितळ नसलेल्या घरात मुलगी द्यायची म्हणजे काय, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

दुसऱ्या भेटीत याहून मोठं संकट आलं. माझ्या मित्राला कुठं काय बोलावं ते तेव्हाही कळत नव्हतं, आजही कळत नाही. केक खाता खाता त्यानं कौतुकानं सांगून टाकलं की बाबा गावातल्या शुत्सेनफेराइनचे, म्हणजे नेमबाजांच्या क्लबचे, जुने मेंबर आहेत. मी भाषांतर करताना 'नेमबाजी' हा शब्द जरा पुसट उच्चारला, पण आईचे कान तिखट आहेत.

"म्हणजे बंदूक?"

"हो, पण कुलपात असते. लोखंडी कपाटात. सरकारी माणूस येऊन तपासतो."

"आणि मारतात कोणाला?"

"कागदाला. शंभर मीटरवर कागद लावलेला असतो, त्याला."

"कागदाला भोक पाडायला बंदूक कशाला लागते?" आईनं विचारलं, आणि पुढं, "गोळ्या दुकानात मिळतात?"

इथं मी थापच मारायला हवी होती. पण मित्र मध्येच अभिमानानं म्हणाला, बाबा घरीच करतात. मी तेही सांगितलं.

"घरी करतात म्हणजे? आपण शंकरपाळे करतो तसे?"

गृहस्थांना आमच्यातलं काही कळत नव्हतं. ते आईकडे बघून हसले आणि त्यांनी तिच्या ताटलीत केकचा आणखी एक तुकडा वाढला. आईनं तो खाल्ला, पण त्या दिवशी ट्रेनमध्ये ती एक अक्षर बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा मला खरी भीती वाटते.

पुढं महिनाभर तेच चाललं. मी विषय काढायचा, तिनं स्वयंपाकाचा काढायचा. अशात माझ्या घरमालकानं न्हाणीघरातले पाइप बदलायला काढले आणि आठवडाभर पाणी बंद राहील अशी चिठ्ठी दाराला लावली. मित्र म्हणाला, आमच्याकडे या, वरची खोली रिकामी आहे. आईनं नाक मुरडलं, पण पाण्याशिवाय तिचं चालणार नव्हतं. एका रविवारी संध्याकाळी आम्ही दोन बॅगा, आईचा छोटा गणपती आणि चिंचेचा एक गोळा घेऊन तिथं राहायला गेलो. चिंच तिनं पुण्याहून आणली होती, कारण परदेशात आमटीला काय घालतात याची तिला खात्री नव्हती.

आम्ही दोघं सकाळी नोकरीला निघालो की घरात आई आणि गृहस्थ. एकाला मराठी येत नाही, दुसरीला जर्मन येत नाही, आणि इंग्रजी दोघांचंही बेतास बात. मला ऑफिसात काम सुचायचं नाही. संध्याकाळी येऊन बघावं तर घरात शांतता आणि टेबलावर पोह्यांच्या रिकाम्या बश्या. गृहस्थ पोहे सुरी-काट्यानं खात आणि प्रत्येक घासाला "या, या", म्हणजे जर्मनमधलं हो, हो, म्हणत. आईनं उदबत्तीसाठी बटाट्याची फोड वापरायला सुरुवात केली होती. रोज सकाळी खिडकीत गणपतीपुढं बटाटा, बटाट्यात खोचलेली उदबत्ती. गृहस्थ एकदा दारात उभं राहून हे सगळं बघत होते म्हणे. आईनं तोवर त्यांचं 'आल्झो', म्हणजे 'चला तर मग', उचललं होतं. प्रत्येक कामाच्या आधी ते "आल्झो" म्हणायचे आणि उठायचे. बुधवारपासून आईही "आल्झो" म्हणून कुकर लावायला लागली.

गुरुवारी संध्याकाळी त्यांनी मला पहिल्यांदा तळघरात बोलावलं. शनिवारी क्लबची वार्षिक स्पर्धा होती आणि त्यासाठी काडतुसं भरायची होती. मी साच्यांचं काम करते हे त्यांना मुलाकडून कळलेलं होतं.

इथं थोडं सांगायला हवं. बंदूक उडाली की गोळी जाते आणि पितळेची पुंगळी मागं राहते. आतल्या स्फोटानं ती पुंगळी जराशी फुगते. पुन्हा भरायची तर आधी तिला हातदाब्यानं एका पोलादी साच्यात दाबून मूळ मापावर आणावं लागतं. आणि साच्यात घालण्यापूर्वी बाहेरून तिला वंगण लागतं, अगदी नखभर, दिसू नये इतकं. ते नसेल तर पितळ पोलादाला असं धरून बसतं की बाहेर येत नाही. गृहस्थ आदल्या दिवशी पुंगळ्या धुऊन, वंगण स्पिरिटमध्ये पातळ करून त्यांच्यावर फवारत आणि लाकडी फळीवरच्या खुंट्यांवर उलट्या टांगून रात्रभर वाळवत. बंदुकीच्या दारूचं कपाट वेगळं, कुलूपबंद, त्याच्या आसपास दुसऱ्या कुणी फिरकायचं नाही. सगळं कसं जर्मन.

मला तिथं फार आनंद झाला. वंगण हा माझा रोजचा विषय, आणि महिनाभरात कुणी माझ्याशी तांब्याखेरीज दुसऱ्या कशाबद्दल बोललं नव्हतं. मी म्हणाले, वंगण जरा जास्त असलेलं बरं. ते म्हणाले, अजिबात नाही, जास्त झालं तर पुंगळीच्या खांद्यावर, म्हणजे ती वर निमुळती होते तिथं, पोचा येतो. मी म्हणाले, तुमच्या साच्याला हवा जायला वाट नाही म्हणून. ते म्हणाले, साचा चांगला आहे, तुमचे पत्र्याचे डबे वेगळे. आम्ही दोघंही हात हलवत, मोठमोठ्यानं, मजेत तासभर भांडलो. वर येऊन बघते तर आई जिन्याच्या तोंडाशी उभी, चेहरा पांढरा.

"काय मागतायत?" तिनं हळूच विचारलं.

"कोण?"

"ते गृहस्थ. एवढे ओरडत होते ते. हुंडा मागतायत का?"

शुक्रवारी आम्ही दुपारीच घरी आलो. जर्मनीत शुक्रवारी दुपारनंतर कुणी कामाचं नाव काढत नाही. दार उघडल्याबरोबर मला वास आला. आंबट, ओळखीचा, आणि त्या घरात अजिबात न शोभणारा. चिंचेचा. मला वाटलं, आज आमटी.

स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. तळघरातून एकच आवाज आला. "आल्झो." पण हा नेहमीचा नव्हता. नेहमीच्या आल्झोनंतर माणूस उठतो, या आल्झोनंतर माणूस खाली बसतो.

आम्ही धावत उतरलो. गृहस्थ दाब्यासमोर स्टुलावर बसले होते, हातात पांढरे सुती मोजे. घामाचे हात पितळेला लागू नयेत म्हणून ते मोजे घालून काम करत. दाब्याची दांडी खाली आलेली होती आणि वर जात नव्हती. साच्यात पुंगळी घट्ट रुतून बसली होती. जोर लावून ओढल्यावर तिची खालची कडच तुटून हातात आली होती. साचा एकच होता आणि स्पर्धा दुसऱ्या दिवशी सकाळी होती.

मी फळीवरची दुसरी पुंगळी उचलली. ती माझ्या बोटांत चक्क करकरली. पितळ इतकं कोरडं, इतकं निर्मळ मी कारखान्यातही बघितलं नव्हतं. सगळ्याच्या सगळ्या तशा. खुंट्यांवर ओळीनं उलट्या टांगलेल्या, लखलखीत.

एवढ्यात पाठीमागून आई आली. हात पदराला पुसत, चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं.

"बघितलंस का? अगं, मी कपडे मशिनला लावायला खाली आले तर शेजारच्या खोलीत हे! एवढं पितळ आहे यांच्याकडे आणि तू मला बोलली नाहीस. हात लावला तर काय, सगळं चिकट! मला इतकं वाईट वाटलं. घरात बाईमाणूस नाही, कोण बघणार? म्हटलं, एवढं तर करू त्यांच्यासाठी. चिंच आणि मीठ लावून एकूण एक घासली बघ, आणि होती तशी परत लावून ठेवली. सांग त्यांना, पितळ उत्तम आहे म्हणावं."

ती इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या घराबद्दल कौतुकानं बोलत होती आणि मला रडू येत होतं. मित्रानं माझ्याकडे बघितलं. गृहस्थांनी मोजा काढला, उघड्या बोटानं एक पुंगळी चाचपली, हुंगली आणि आईकडे बघितलं.

"असे का बघतायत?" आई म्हणाली.

मी सांगितलं. ते चिकट मुद्दाम लावलेलं होतं. ते नसलं की पुंगळी साच्यात अडकते. ती अडकली आहे. साचा एकच आहे. उद्या स्पर्धा आहे.

आईचा चेहरा उतरला. मग तिच्यातली इतिहासाची बाई जागी झाली.

"मुद्दाम लावलेलं म्हणजे काय लावलेलं?"

"वंगण गं. चरबी असते एक."

शब्द तोंडातून गेला आणि मला कळलं की आता आपलं काही खरं नाही. काडतूस आणि चरबी! तीस वर्षं जिनं सातवीच्या वर्गाला सत्तावनचा उठाव शिकवला त्या बाईसमोर मी हे दोन शब्द एकत्र उच्चारले होते.

"कसली चरबी?" आईचा आवाज एकदम खाली आला. "गाईची का डुकराची? मी दोन तास दोन्ही हातांनी घासलीत ती! त्याच हातांनी कणीक मळून ठेवलीय!"

"आई, थांब..."

"थांब काय? अगं, याच्यापायी देशात केवढं रामायण झालं! विचार त्यांना. आत्ताच्या आत्ता विचार."

मी विचारलं. गृहस्थांना प्रश्न कळला, पण तो आत्ता का पडावा हे कळलं नाही. त्यांनी कपाटातून एक डबी काढली आणि म्हणाले, मेंढीची. आईनं डोळे मिटले. मी घाईघाईनं पुढचं विचारून घेतलं आणि सांगितलं, "मेंढीच्या अंगातली नाही गं, लोकरीवरची. लोकर कातरतात, ती धुतली की वर येते."

"मेंढी मरत नाही?"

"नाही."

"नक्की विचार."

मी पुन्हा विचारलं. ते म्हणाले, नाही, तीच मेंढी पुढच्या वर्षी परत कातरतात. आईनं तेवढ्यावर सोडलं नाही, तिसऱ्यांदा विचारायला लावलं, आणि मग म्हणाली, "म्हणजे दुधासारखंच." मी सुस्कारा टाकला. कणीक वाचली.

पण धर्माचा प्रश्न सुटल्यावर दुसरा आठवला. आईनं मला जिन्याखाली ओढलं.

"आता ते नाही म्हणणार."

"कशाला?"

"लग्नाला! मुलीची आई घरात येऊन नासधूस करते म्हणतील. कोणीही म्हणेल."

"अगं, पण तूच अजून हो म्हणाली नाहीस!"

"ते वेगळं. माझं मी बघीन. पण त्यांनी नाही म्हणायचं म्हणजे काय? माझ्या मुलीला?" तिचे डोळे भरून आले होते. महिना दीड महिना जी बाई त्या घराला पास करत नव्हती ती आता आपणच नापास होणार म्हणून घाबरली होती. मला हसू येत होतं आणि तिला जवळ घ्यावंसंही वाटत होतं. मी तिचा हात धरला तर तो चिंचेनं खरखरीत झालेला.

गृहस्थ मात्र कामाला लागले होते. त्यांनी साचा काढून चिमट्यात धरला. मी ड्रिल धरलं. हा प्रकार कारखान्यात आम्ही नेहमी करतो. अडकलेल्या पुंगळीच्या तळाला भोक पाडायचं, त्यात आटे पाडायचे, मग बोल्ट घालून वरून नट फिरवत तिला हळूहळू बाहेर खेचायचं. भोक सरळ गेलं पाहिजे, साच्याला धक्का लागला तर साचा फुकट. आईला मी वर जा म्हटलं, पण ती स्टुलावर बसून राहिली, ओठातल्या ओठात रामरक्षा चालू. ते पाना फिरवत होते, मी साचा धरला होता, आणि मित्र बॅटरी दाखवत होता. शेवटी बाटलीचं बूच निघावं तसा 'टक्' आवाज झाला. पुंगळी बाहेर. साच्याला ओरखडा नाही.

"गेनाऊ," गृहस्थ म्हणाले, म्हणजे अगदी बरोबर. त्यांनी पुंगळी टेबलावर ठेवली, कपाळ पुसलं. आई उठून आली आणि साच्यात डोकावली.

"म्हणजे हा मोदकाच्या साच्यासारखाच की. आत तूप लावलं नाही तर मोदक निघेल कसा?"

"तेच तर सांगतेय."

"मग आधी सांगायचं नाही का? चिकट झालंय आणि लावलेलं आहे, यात फरक असतो," असं म्हणून ती माझ्यावरच डाफरली. म्हणजे आई ताळ्यावर आली.

आता सगळ्या पुंगळ्यांना पुन्हा वंगण लावायचं होतं. फवारून वाळवायला पुन्हा रात्र लागली असती आणि काडतुसं तर आजच भरायची होती, म्हणून डबीतलं वंगण बोटानंच लावावं लागणार होतं. आईनं पदर खोचला. आल्झो म्हणाली आणि पहिलीच पुंगळी तिनं अशी माखली की दिवाळीची पहिली आंघोळ असावी. गृहस्थांनी ती दाबली आणि तिच्या हातात ठेवली. खांद्यावर खळगा पडला होता, गाल बसल्यासारखा. मग त्यांनी डबीत बोटाचं टोक टेकवलं, अंगठ्यावर चोळलं, पुंगळी दोन बोटांत एकदाच फिरवली आणि दाखवली. आईनं बघितलं. दुसऱ्या पुंगळीला तिनं तसंच केलं. ती निघाली, नीट.

"या," ते म्हणाले.

पुढं मी आणि मित्र तिथं नसतो तरी चाललं असतं. आई वंगण लावायची, ते दाबायचे, ती घ्यायची, पुसायची. ती अधूनमधून मराठीत सूचना करत होती, ते जर्मनमध्ये उत्तरं देत होते, आणि दोघांचं बरोबर चाललं होतं. मी खांद्यावरचा खळगा दाखवून हळूच म्हणाले, हवा जायला वाट हवी होती. गृहस्थांनी मला ऐकून न ऐकल्यासारखं केलं. सगळं संपल्यावर त्यांनी आम्हाला वर पाठवलं, दारूचं कपाट उघडलं आणि आतून दार लावून घेतलं.

जेवताना ते काही बोलले नाहीत. आईनं दोनदा माझ्याकडे बघितलं. "रागावलेत," ती म्हणाली. मी म्हटलं, ते असेच जेवतात. तिला पटलं नाही.

शनिवारी आई स्पर्धेला आली. नऊवारी नव्हे, साधी इरकली, वर माझा स्वेटर, आणि अंबाड्यावरून कानांवर बसवलेली आवाज अडवायची लाल झाकणं. क्लबातल्या समस्त पुरुषांनी उठून तिच्याशी हात मिळवले. गृहस्थ दरवर्षी शेवटून पहिले यायचे, आणि गावचा बेकरीवाला, जो शेवटून दुसरा यायचा, तो वर्षभर सकाळी पाव देताना त्यांना चिडवायचा. या वर्षी ते शेवटून दुसरे आले. बेकरीवाल्याचं तोंड बघण्यासारखं झालं. पुढं सगळे गोळा झाले ते त्यांच्या पुंगळ्यांभोवती. इतकं चकचकीत पितळ त्या क्लबात कुणी बघितलं नव्हतं. कशानं घासता, कुठली पावडर? गृहस्थांनी छाती काढून आईकडे बोट दाखवलं. आईनं मला विचारलं, "काय म्हणतायत?" मी सांगितलं, पितळ चांगलं निघालं म्हणतायत. "निघणारच," आई म्हणाली. पण घरी येताना गाडीत ती पुन्हा गप्प. तिला स्पर्धेशी कर्तव्य नव्हतं. ते नाही म्हणणार का, एवढंच तिच्या मनात होतं, आणि ती हो म्हणणार की नाही हे माझ्या.

रविवारी माझ्याकडे पाणी आलं. आम्ही बॅगा भरल्या, गणपती टॉवेलात गुंडाळला. निघायच्या वेळी गृहस्थ तळघरातून वर आले. ते कधीकाळी लेथवर काम करत, खाली एक जुनं लेथ मशिन अजून होतं. सकाळपासून त्याचा आवाज येत होता, पण माझं लक्ष नव्हतं.

त्यांनी आईसमोर मूठ उघडली. आत ती अडकलेली पुंगळी होती. तुटलेली कड त्यांनी सारखी केली होती, पुंगळी पालथी करून पितळेच्या गोल चकतीवर बसवली होती, आणि तळाच्या ज्या भोकात आम्ही आटे पाडले होते तिथं छोटंसं बूच बसवून त्याला बारीक छिद्र ठेवलं होतं. त्यांनी आईच्या पुड्यातली एक उदबत्ती काढून त्यात खोचली. ती ताठ उभी राहिली.

"बटाट्याऐवजी," ते मला म्हणाले. मी ते आईला सांगितलं.

आईनं ते उदबत्तीचं घर दोन्ही हातांनी घेतलं.  आमच्या महाशयांना कुठं काय बोलावं ते कळत नाही हे मी सांगितलंच आहे. तो म्हणाला, पण हे विमानातून नेता येणार नाही, काडतुसाचं काहीही चालत नाही तिथं.

"न्यायचंय कुणाला?" आई म्हणाली. तिनं ते पदरानं पुसलं, खिडकीत गणपती असायचा त्या जागी ठेवलं, जरा सरळ केलं. "इथंच राहू दे. व्याह्यांना सांग, रोज उदबत्ती लावली नाही तरी चालेल, पण चिकट होऊ देऊ नका म्हणावं. पुढच्या खेपेला आले की मी घासून देईन."

आणि ती बॅगेची चेन लावायला खाली वाकली, काही झालंच नाही अशी.

मी उभीच राहिले. गृहस्थ एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. माझे डोळे का भरले ते त्यांना कळेना.

"काय म्हणाल्या?" त्यांनी काळजीनं विचारलं.

"हो म्हणाली," मी सांगितलं.